पँट खुर्चीवर, किल्ली पँटच्या खिशात: लाइफबोटीवर नव्याने येणाऱ्यांसाठी

माझा पहिला खराखुरा कॉल, म्हणजे लाइफबोटीला आलेली मदतीची हाक, मी किल्ली शोधण्यात घालवला. पहाटेचे पावणेतीन वाजलेले, उशाशी पेजर (कॉल आला की वाजणारं छोटं यंत्र) किंचाळतोय, अंगात स्वेटर उलटा, आणि गाडीची किल्ली काही सापडेना. नवरा पांघरुणातूनच म्हणाला, "फ्रिजवर बघ." फ्रिजवरच होती. स्टेशनला पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं, बोटीची जागा रिकामी होती आणि पाण्यावर तिचा मागचा पांढरा दिवा लांब लांब जात होता. कुणी रागावलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने माझ्या हातात झाडू दिला, एवढंच.

लाइफबोटीवर, म्हणजे समुद्रात अडचणीत सापडलेल्यांना सोडवायला निघणाऱ्या बोटीवर, स्वयंसेवक म्हणून येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उसळत्या लाटा असतात. त्या येतातही. पण या कामाचा बराच मोठा भाग म्हणजे तयार असणं: टाकी भरलेली, बॅटरी चार्ज झालेली, दोर नीट गुंडाळलेला, आणि माणूस हाकेच्या अंतरावर. हे कंटाळवाणं वाटत असेल तर आत्ताच सांगते, ते कंटाळवाणं आहेच. खाली लिहिलंय ते साधारण ज्या क्रमाने तुमच्या वाट्याला येईल त्याच क्रमाने लिहिलंय. बारीकसारीक पद्धती प्रत्येक स्टेशनच्या वेगळ्या असतात. तुमच्या तांडेलाचं (बोटीच्या प्रमुखाचं) म्हणणं आणि माझं म्हणणं वेगळं पडलं, तर तांडेलाचं ऐका.

आधी मिनिटं मोजा

अर्ज करण्यापूर्वी एक काम करा. घरून स्टेशनला जा आणि घड्याळ लावा. मग कामाच्या ठिकाणाहून जा. दोन्ही प्रवास गर्दीच्या वेळी करा, रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर नव्हे. बहुतेक स्टेशनं माणूस किती मिनिटांत येऊ शकतो हे पहिल्याच भेटीत विचारतात, आणि तिथे "साधारण दहाएक मिनिटं" हे उत्तर चालत नाही.

मग नोकरीच्या ठिकाणी बोला. पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघावं लागेल आणि कधी परत येईन ते सांगता येणार नाही, हे वरिष्ठांना आधीच माहीत हवं. काहीजण आनंदाने हो म्हणतात, काहीजण हो म्हणून दुसऱ्या कॉलनंतर तोंड पाडतात. दिवसा निघता येत नसेल तर तसं स्टेशनला सांगा. फक्त रात्री आणि सुट्टीच्या दिवशी उपलब्ध असलेला माणूसही लागतोच. खोटं सांगून यादीत नाव लावलेला माणूस मात्र नसलेल्यापेक्षा वाईट, कारण त्याला मोजून बाकीचे निर्धास्त राहतात.

घरच्यांशी बोलणं सगळ्यात महत्त्वाचं आणि त्यावरच लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. वाढदिवसाच्या मध्ये उठून जाणारे तुम्ही असाल, पण पाहुण्यांना सांभाळणारं घरचं माणूस असेल. पेजर तुमच्या कमरेला असतो, त्याची झळ त्यांना लागते.

"मला समुद्रातलं काही कळत नाही" म्हणून मागे फिरू नका. ब्रिटन आणि आयर्लंडमधली लाइफबोट चालवणारी आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून हेच काम करते आहे. त्यांच्याकडेही बोटीवर येणाऱ्या दहा स्वयंसेवकांपैकी जेमतेम एकजण पोटापाण्यासाठी समुद्रावर काम करणारा असतो. बाकीचे शिक्षक, प्लंबर, दुकानदार, नर्स. १८२४ मध्येच नेदरलँड्समध्येही अशाच संस्था निघाल्या, जर्मनीत १८६५ मध्ये. तिन्ही ठिकाणी हा डोलारा अजून मुख्यतः देणग्या आणि स्वयंसेवकांवर उभा आहे. त्यामुळे शिकवण्याची पद्धत मुळात अनोळखी माणसाला गृहीत धरूनच बसवलेली असते.

तब्येतीची तपासणी होते. नजर आणि रंग ओळखण्याची चाचणी अनेकांना खटकते, पण तिला कारण आहे. रात्री समोरच्या बोटीची दिशा कळते ती तिच्या दिव्यांवरून: डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. लाल-हिरव्यात गफलत झाली तर समोरची बोट येतेय की आडवी जातेय हेच समजणार नाही. नापास झालात तरी किनाऱ्यावरच्या तुकडीचं दार सहसा उघडं असतं. आणि बोट लागते म्हणून घाबरू नका. आमचा सगळ्यात जुना माणूस प्रत्येक खराब हवेत ओकतो, तोंड पुसतो आणि पुन्हा नकाशाकडे बघतो.

पहिले तीन महिने: हात मागे, डोळे उघडे

सुरुवातीला तुम्हाला बोटीवर घेणार नाहीत. स्टेशनमध्ये फिरा आणि कुठली वस्तू कुठे असते ते पाठ करा. मी एका आठवड्यात एक कपाट असा नियम केला होता: दार उघडायचं, बघायचं, बंद करायचं, आणि आत काय आहे ते मोठ्याने म्हणायचं. अंधारात, ओल्या हातमोज्यांनी, कुणीतरी "ओढायचा दोर!" असं ओरडलं की विचार न करता हात त्या जागी गेला पाहिजे.

माणसंही ओळखून घ्या. मोठ्या बोटीच्या प्रमुखाला इंग्रजीत लिहितात कॉक्सवेन आणि म्हणतात कॉक्सन. आपल्याकडे याला तांडेल हा चांगला शब्द आहे, मी तोच वापरते. लहान बोटीवर सुकाणू धरणारा हेल्म. मेकॅनिक हा स्टेशनचा खरा मालक, त्याच्याशी वैर घेऊ नका. बोट सोडायची की नाही याला मंजुरी देणारी व्यक्ती किनाऱ्यावर असते. ती बोटीवर नसते हे मुद्दाम आहे. थरारात असलेल्या माणसाने स्वतःलाच परवानगी देऊ नये. ट्रॅक्टर, बोट ठेवायचा गाडा, उतार, दोर, दिवे सांभाळणारी किनाऱ्यावरची तुकडी नसेल तर बोट पाण्यापर्यंत पोचतच नाही. पहिले सहा महिने मी तिथेच होते, आणि खवळलेल्या लाटांत बोट परत गाड्यावर चढवणं हे बोट चालवण्यापेक्षा अवघड असू शकतं, हे तिथेच कळलं.

तुमच्याकडे बोट कोणती आहे त्यावर बरंच काही ठरतं. पाचेक मीटरची फुगवलेली रबरी बोट असेल तर दोघं-तिघं जण, पन्नास अश्वशक्तीचं एक इंजिन, २५ नॉटपर्यंत वेग (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), आणि डोक्यावर आभाळ. ती खडकांच्या फटीत, उथळ पाण्यात, गुहेत शिरते. उलटली तर तुम्हीच सुलटी करायची. दुसऱ्या टोकाला आरएनएलआयची शॅननसारखी बोट: १३.६ मीटर लांब, बंद केबिन, पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी, उलटली तर आपोआप सुलटी होणारी. दोन्हींचा वेग सारखाच, पण एकीवर तुम्ही भिजता आणि दुसरीवर हादरता.

अंगावर काय चढवायचं

ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरणारा अंगभर सूट, घालायला शिकणं हा स्वतंत्र विषय आहे. पहिल्यांदा मला अकरा मिनिटं लागली, आणि शेवटी लक्षात आलं की पाठीवरची चेन उघडीच आहे. सराव घरी करा. नखं कापा, कारण मानेचा आणि मनगटाचा रबरी पट्टा नखाने फाटतो आणि तो बदलणं महाग पडतं. अंगठ्या, घड्याळ, कानातलं आधी काढून ठेवा. केस मानेच्या पट्ट्यात अडकले तर तिथून पाणी शिरतं. चेन शेवटच्या दातापर्यंत लावा आणि शेजारच्याला ओढून बघायला सांगा. मग उकिडवे बसा, गुडघे छातीशी घ्या आणि मानेचा पट्टा बोटाने जरा सैल करा: आतली हवा फुस्सकन बाहेर गेली पाहिजे. ती आत राहिली आणि तुम्ही पाण्यात पडलात तर हवा पायांकडे धावते आणि पाय वर, डोकं खाली अशी गंमत होते.

ड्रायसूट तुम्हाला कोरडं ठेवतो, गरम नाही. ऊब आतल्या कपड्यांची असते. सुती कपडा नको, घामाने ओला झाला की तो अंगाला चिकटून थंडी देतो.

लाइफजॅकेटबद्दल एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १८५४ मध्ये आरएनएलआयचे कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाच्या पट्ट्यांचं जॅकेट तयार केलं. वल्हवताना हात अडतात म्हणून अनेकांना ते आवडत नसे. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडच्या व्हिटबी गावात वादळात एका दिवसात अनेक जहाजं किनाऱ्यावर आपटली. लाइफबोट पुन्हा पुन्हा जात होती, आणि एका फेरीत उलटली. तेराजणांपैकी बाराजण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नव्या धर्तीचं बुचाचं जॅकेट त्या तेरांत त्याच्या एकट्याच्याच अंगात होतं.

आता जॅकेट अडत नाही, पण लोक मांड्यांमधला पट्टा लावायचा कंटाळा करतात. तो नसेल तर जॅकेट वर सरकतं आणि तुम्ही त्यातून खाली. पट्टा लावा. फुगवणारं जॅकेट असेल तर गॅसची छोटी नळकांडी हाताने फिरवून घट्ट आहे ना ते दर वेळी बघा, कारण कंपनाने ती सैल होते. हे दोन सेकंदांचं काम आहे.

सराव: काय आधी शिकायचं

आठवड्यातून एकदा सराव असतो आणि तिथे न येता फक्त कॉलला येणारा माणूस कुणालाच नको असतो. गाठींपासून सुरुवात करा. दहा-पंधरा गाठी शिकू नका. तीन शिका: बोलाइन, म्हणजे न आवळणारा फास, दांड्याला दोर बांधायची क्लोव्ह हिच, आणि दोन वेगवेगळ्या जाडीचे दोर जोडणारी शीट बेंड. पण या तीन डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन, गार पाण्याच्या बादलीत हात बुडवून आल्यावरही बांधता आल्या पाहिजेत. बादली खरंच वापरा. गारठलेली बोटं वेगळ्याच माणसाची असतात.

रेडिओची भीती सगळ्यांना वाटते, आणि ती बोलून जाते. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल १६ हे संकटाचं आणि हाक मारण्याचं, तिथे गप्पा नाहीत. जीव धोक्यात असेल तर "मेडे" तीनदा, तातडी आहे पण जीव लगेच धोक्यात नाही तर "पॅन-पॅन" तीनदा. मेडे हा शब्द १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेंचमधल्या "मला मदत करा" या उच्चारावरून आला. मराठी कानालाही तो चटकन लागतो, बरं झालं. बोलण्यापूर्वी बटण दाबून एक श्वास घ्या, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि सिनेमातल्यासारखं "ओव्हर अँड आऊट" म्हणू नका. ओव्हर म्हणजे उत्तराची वाट बघतोय, आऊट म्हणजे संपलं.

ठिकाण घेताना कान टवकारा. समुद्रावर ठिकाण अंश आणि मिनिटांत, आणि मिनिटाचा दशांश भाग करून सांगतात. फोनवरून मदत मागणारा मात्र कधी सेकंद सांगतो. "तीस मिनिटं पन्नास सेकंद" हे तुम्ही ३०.५० असं लिहून घेतलंत तर अक्षांशात सहाशे मीटरच्या आसपास चूक झाली. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. रात्री सहाशे मीटरवरचं डोकं दिसत नाही. म्हणून आकडा नेहमी परत वाचून दाखवा.

भरती-ओहोटी पाठ असू द्या, कारण बरेच कॉल तीच देते. पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे सहा मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात फक्त अर्धा मीटर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून तीन मीटर. खडकांवर फिरायला गेलेला माणूस पहिला तास बघतो, निवांत होतो आणि तिसऱ्या तासात अडकतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं, तेव्हा हा खेळ आणखी जोरात. भांगाच्या भरतीला आमचा पेजर तुलनेने शांत.

पाण्यातलं डोकं कसं शोधतात

नवीन माणसाला बोटीवर पहिलं काम मिळतं ते बघण्याचं. ते सोपं वाटतं. पाण्याबाहेर दिसतं ते फक्त डोकं, फुटबॉलएवढं, आणि ते बहुतेक वेळा लाटेच्या मागे असतं. तीन लाटांतून एकदा दिसेल. म्हणून नजर भराभर फिरवायची नाही. तुम्हाला दिलेला भाग, समजा नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) उजव्या कुशीपर्यंत, पट्ट्यापट्ट्याने बघायचा, प्रत्येक पट्ट्यावर थांबायचं, लाट खाली जाऊ द्यायची. दुसऱ्याच्या भागात डोकावायचं नाही. सगळेजण एकाच बाजूला बघतात तेव्हा माणूस दुसऱ्या बाजूने जातो.

दिसलं तर हात लांब करून बोट दाखवा, ओरडा, आणि काहीही झालं तरी नजर हलवू नका. बोट वळेल, तुमचं शरीर फिरेल, पण हाताचं बोट त्याच्यावरच. आमच्याकडे एकाने सरावात दिसलेला डमी क्षणभर सोडून हेल्मकडे बघितलं, "तिकडे!" म्हणाला आणि परत वळला, तेव्हा डमी नाहीसा झाला होता. वीस मिनिटांनी सापडला. तेवढ्यात खरा माणूस गारठला असता.

शेवटचं ठिकाण माहीत असलं तरी तिथे माणूस नसतो. दीड नॉटचा प्रवाह चाळीस मिनिटांत एक सागरी मैल वाहून नेतो. त्यावर वाऱ्याचा ढकल वेगळा, म्हणून फुगवलेला तराफा आणि पाण्यातला माणूस वेगवेगळ्या जागी सापडतात. वाहून गेल्यावर तो कुठे असेल याचा अंदाज काढून तिथून शोध सुरू करतात. ठिकाण बऱ्यापैकी पक्कं असेल तर वाढत्या चौकोनाने: काटकोनात वळत, दर दोन बाजूंनी अंतर वाढवत. आत्ताच कुणी पडलेलं असेल तर पाकळ्यांसारखा शोध: मध्यापासून बाहेर, १२० अंश उजवीकडे, पुन्हा १२० अंश उजवीकडे, आणि परत मध्यातून पलीकडे. तुम्हाला ते आखायचं नाही, पण बोट का वळतेय हे कळलं तर बघणाऱ्याचं लक्ष टिकतं.

अधूनमधून तांडेल इंजिन बंद करतो. तेव्हा बोलू नका, नाक ओढू नका. रात्री माणूस दिसण्याआधी शिट्टी ऐकू येते.

सापडल्यावर घाई होते आणि चुका तिथेच होतात. बोट जवळ जाते ती सावकाश, आणि शेवटच्या टप्प्यात पंखा गिअरमधून काढलेला असतो. तसं मोठ्याने सांगितलं जातं आणि तुम्ही ते ऐकल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. माणसाला आडवा वर घ्यायचा प्रयत्न करायचा, विशेषतः तो बराच वेळ पाण्यात असेल तर. पाण्याच्या दाबाने त्याचं रक्ताभिसरण टिकून राहिलेलं असतं. उभा उचलला तर दाब सुटतो, रक्त पायांकडे जातं आणि आत्तापर्यंत बोलत असलेला माणूस बोटीवर येताच कोसळू शकतो. घेतल्यावरही आडवाच ठेवा, अंग चोळू नका, चालवू नका.

गार पाण्यात काय होतं त्याचा एक ढोबळ हिशोब लक्षात राहतो: एक, दहा, एक. पहिलं मिनिट श्वास ताब्यात यायला, मग दहा मिनिटं हात-पाय कामाचे, आणि साधारण एक तास शुद्ध जायला. म्हणजे अनेक लोक गारठून नव्हे, तर पहिल्या मिनिटात धाप लागून पाणी गिळल्याने बुडतात. म्हणून आम्ही शाळांत जाऊन मुलांना एवढंच शिकवतो: पडलात तर पोहू नका, आधी तरंगा. डोकं मागे, कान पाण्यात, हात-पाय हलकेच हलवत श्वास येऊ द्या. ओरडणं नंतर.

बंद पडलेली बोट ओढून आणणं हे सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम. त्यातली एकच गोष्ट आत्ता: ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही उभं राहू नका, आणि जमिनीवर पडलेल्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. बाकी शिकवतील.

पेजर वाजतो

उठा, दिवा लावा, दहा सेकंद बसा. मग कपडे. गाडी नियमात चालवा. पेजर म्हणजे सिग्नल तोडायचा परवाना नव्हे, आणि वाटेत कुणाला धडकलात तर दोन कॉल होतील. स्टेशनच्या दारात गाडी आडवी लावू नका, तिथून ट्रॅक्टर निघायचा असतो.

पहिल्यांदा पोचलात म्हणून तुम्हाला बोटीवर जागा मिळते असं नाही. काम काय, हवा कशी, कुणाचा हात कशात चांगला, हे बघून तांडेल माणसं निवडतो. नाही निवडलं तर सूट काढा आणि किनाऱ्यावरचं काम धरा. इथे रुसवे-फुगवे झालेले मी बघितलेत, आणि स्वतःही एकदा गप्प बसून राहिलेय. नंतर मला कुणीतरी पेनली लाइफबोट स्टेशनची रात्र सांगितली. १९ डिसेंबर १९८१, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा किनारा, वादळात इंजिन बंद पडलेलं युनियन स्टार नावाचं जहाज. लाइफबोट सॉलोमन ब्राउन निघाली तेव्हा एक तरुण तयार होऊन आला होता. त्याचे वडील आधीच निवडलेले होते. तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी एका घरातले दोघे नकोत म्हणून त्याला मागे ठेवलं. जहाजावरच्या चौघांना घेतल्याचं त्यांनी रेडिओवर कळवलं. त्यानंतर बोटीकडून काही आलं नाही. लाइफबोटीवरचे आठही जण गेले. त्या मुलाला नाही म्हणायला रिचर्ड्सना काही सेकंदच मिळाले असतील.

बोटीवर गुडघे वाकलेले ठेवा. वेगात लाटेवरून आपटताना पाठीच्या कण्याला जो दणका बसतो तो ताठ बसलेल्याला जास्त बसतो. एक हात कायम बोटीला. पुढे बसलेला "लाट!" म्हणून ओरडतो तेव्हा पकड घट्ट करा.

आणि बहुतेक वेळा काय असतं? पेट्रोल संपलेली मोटरबोट. जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्यात लांब गेलेला पॅडलबोर्ड: तो वारा फसवा, कारण किनाऱ्याजवळचं पाणी त्यात सपाट दिसतं. खडकावर अडकलेली दोन माणसं आणि एक कुत्रा. किंवा काहीच नाही: कुणीतरी लांबून बोया बघून माणूस समजलं. अशा कॉलवरून परतताना फोन करणाऱ्याबद्दल चकार शब्द वाईट काढू नका. तो पुढच्या वेळीही करायला हवा.

परत आल्यावर

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण नवखे इथेच घरी जायला निघतात.

बोट किनाऱ्याला लागली म्हणजे कॉल संपला असं नाही. ती पुन्हा निघायला तयार आहे असं कळवलं की संपला. गोड्या पाण्याने सगळं धुवायचं: बोट, गाडा, ट्रॅक्टरची चाकं, दोर, सूट, बूट. मीठ वाळलं की बारीक काचेसारखं होतं, दोराच्या धाग्यांत शिरून आतून कापतं, बिजागऱ्या धरतं. इंजिनात गोडं पाणी फिरवायचं. टाकी भरायची, निम्मी आहे म्हणून सोडायची नाही. प्राणवायूचा दाब बघायचा, वापरलेली बँडेजं भरायची, रेडिओ चार्जिंगला लावायचे. ड्रायसूट आतून ओला असेल तर उलटा टांगायचा. पहाटे साडेचारला हे करताना माणसं फारशी बोलत नाहीत, नुसता पाण्याचा आवाज असतो.

पहिल्या वर्षी एका रात्री मी हातातला मोठा टॉर्च पुसून जागेवर ठेवला. चार्जरवर न लावता, नुसता जागेवर. दोन दिवसांनी खडकांत कुणीतरी अडकलं होतं. टॉर्च पिवळा पडला, मिणमिणला आणि विझला. बोटीवर दुसरा होता म्हणून निभावलं. परत आल्यावर मेकॅनिकने तो विझलेला टॉर्च बाकावर माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेला. तेव्हापासून वस्तू जागेवर ठेवली की तिच्या दिव्याकडे बघते: हिरवा आहे ना.

यादीवर खूण करताना वस्तूला हात लावून खूण करा. नजरेने केलेली खूण खोटी असते.

वाईट रात्री

सगळे वाचत नाहीत. कधी तुम्ही शोधता आणि सापडत नाही, कधी सापडतं पण उशीर झालेला असतो. त्यानंतर लगेच घरी जाऊ नका. स्टेशनमध्ये थोडा वेळ बसा, काय झालं ते क्रमाने बोलून घ्या, कुणी चुकलं असं न म्हणता. काही दिवसांनी झोप येईना, तोच वास, तोच आवाज परत येत राहिला, तर तांडेलाला किंवा स्टेशनच्या डॉक्टरला सांगा. मी सांगायला चार महिने लावले, आणि ते चार महिने वाया गेले.

फोटो काढू नका, फोनवर काही टाकू नका, दुकानात कुणी विचारलं तर "गेलो होतो, आलो" एवढंच. समुद्रात गेलेल्याची आई त्याच दुकानात येते.

मधले दिवस

बाकीचे दिवस पेजर नुसता कमरेला असतो. तो असताना दारू नाही, आणि गावाबाहेर जायचं तर आधी यादीतून नाव काढायचं. आठवड्याचं उपलब्धतेचं गणित जमवायला जो बसतो त्याच्या मागे लागायला लावू नका. निधीसाठी डबा घेऊन उभं राहणं, शाळेत जाणं, गाडा रंगवणं, पर्यटकांना बोट दाखवणं, यातही तुमची पाळी येईल. काहींना हे खालचं काम वाटतं. टाकीतलं इंधन त्या डब्यातूनच येतं.

सकाळी उठल्यावर वाऱ्याची दिशा बघायची सवय आपोआप लागते. कपडे वाळत घालतानाही मी आधी भरती कुठे आहे ते बघते. घरच्यांना हे विनोदी वाटतं.

आणि कधीतरी सोडायची वेळ येईल: गुडघे, बदली, लहान मूल, किंवा नुसतं पुरे झालं म्हणून. तेव्हा हळूहळू गायब होऊ नका. यादीत नाव आहे पण माणूस येत नाही, ही अवस्था सगळ्यात धोक्याची. एका संध्याकाळी जा, तांडेलाला सांगा, सूट धुऊन द्या, पेजर परत करा. चार्जरही द्या, तो नेहमी घरी भिंतीलाच राहतो.